गव्हाच्या कोठीतला फोन

"असंच असतं" हे दोन शब्द कोणी उच्चारले की सदफचं डोकं फिरायचं. फोन तापतो? असंच असतं. आवाज खरखरतो? असंच असतं. गिऱ्हाईक असं म्हणालं रे म्हणालं की ती हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायची आणि त्याला असं काही सुनावायची की बिचारा फोन दुरुस्त व्हायच्या आधीच स्वतः सुधारून घरी जायचा.

रावेरला स्टेशन रस्त्यावर तिच्या अब्बांचं, जब्बारभाईंचं, घड्याळाचं दुकान होतं. घड्याळं गेली, मोबाईल आले, तसं दुकानही मोबाईलचं झालं. सदफ जळगावला कॉम्प्युटर शिकली, मग पुण्याला एका कंपनीत लोकांच्या अ‍ॅपमधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागली. अब्बांना मोतीबिंदू झाला, बारीक काम दिसेना, तेव्हा ती परत आली. "दोन महिन्यांसाठी आले" असं सगळ्यांना सांगायची. ते दोन महिने काही अजून संपलेले नाहीत. अब्बांचा दुकानात एकच कायदा होता: पहले खोल, फिर बोल. आधी उघडून बघ, मग तोंड उघड. सदफने त्यातला अर्धा कायदा पाळला. ती उघडायची जरूर, पण बोलणं तिला थांबवता येत नसे.

तर अशा या सदफला एके दिवशी भर दुपारी एरंडोलहून फोन आला. सुनंदाबाई बोलत होत्या, दीपमालाच्या आई. दीपमाला म्हणजे जळगावच्या होस्टेलवर तीन वर्षं सदफच्या शेजारच्या कॉटवर झोपलेली, तिच्या डब्यातली शेव चोरून खाणारी मैत्रीण. लग्न होऊन ती रावेरजवळच्याच एका केळीवाल्या गावात, तोताराम नानांच्या घरात सून म्हणून आली होती.

"आखाजीले उनी पोर," सुनंदाबाई म्हणाल्या. "बठ्ठास्न्या पोरी सासरे गयात. हाई आठेच शे. तिले लेवाले कोनी उनं नही. तू तरी ये माय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि मग सासरचं माणूस येऊन त्यांना घेऊन जातं. ज्या लेकीला घ्यायला कोणी येत नाही, तिच्याकडे गल्लीतली बाई अन् बाई पाहते आणि काही विचारत नाही. विचारलेलं परवडलं, पण ते न विचारणं अंगाला टोचतं. सदफने दुकान अब्बांवर सोपवलं आणि एरंडोलची एसटी धरली.

दीपमाला वाळली होती. पण रडत नव्हती. तिने झालं ते सरळ सांगितलं.

नानांच्या विहिरीतल्या कपारीवर पाण्याची मोटर आहे. त्या मोटरीला गेल्या वर्षी मोबाईलवरून चालू-बंद होणारी पेटी बसवली होती. पेटीत एक सिमकार्ड. घरातल्या फोनवर कंपनीच्या माणसाने एक अ‍ॅप टाकून दिलं. हिरवं बटण दाबलं की अ‍ॅप पेटीला मेसेज पाठवतं आणि मोटर चालू. लाल दाबलं की बंद. लाईट कधी रात्रीची, कधी पहाटेची. शेतात धावत जायला नको, म्हणून घरोघरी या पेट्या आल्या होत्या. हा फोन घरचा होता. दाराजवळच्या कोनाड्यात असायचा, ज्याला लागेल त्याने घ्यायचा.

पूर्वी मोटरीला हात लावायचा तर माणूस आधी फ्यूज काढून खिशात घालायचा आणि मगच विहिरीत उतरायचा. जुन्या माणसांची ती शपथच होती. पण नवी पेटी आली, तिचा तो लाल-हिरवा दिवा आला, आणि सगळे निर्धास्त झाले. चैत्रातल्या एका दुपारी नाना मोटरीच्या पंख्यावरचं झाकण काढून आतला कचरा साफ करत होते. मोटर बंद होती. अचानक ती सुरू झाली. नानांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

कंपनीचा माणूस आला. पेटीतले मेसेज पाहून म्हणाला, "चालू करायचा मेसेज घरच्या फोनवरूनच आलाय." त्या वेळी घरात एकटी दीपमाला होती. बाकी सगळे केळी भरायला ट्रकवर.

"मी हिरवं बटण दाबलंच नाही," दीपमाला सदफला म्हणाली. "फोन बंद पडला होता. मी चार्जिंगला लावला, चालू केला आणि पोळ्या करायला गेले. एवढंच."

"मग ते काय म्हणतात?"

"म्हणतात, चुकून दाबलं असशील, रील पाहता पाहता. फक्त चूक कबूल कर, आम्ही मोठ्या मनाने विसरू. प्रेमराजसुद्धा म्हणाला, म्हणून टाक ना एकदा, काय जातं तुझं?" प्रेमराज म्हणजे तिचा नवरा. "सदफ, मी म्हटलं असतं तर त्याच दिवशी मिटलं असतं. पण मग जन्मभर त्या घरात सासऱ्याची बोटं तोडणारी म्हणून जेवायचं? जे केलंच नाही ते?"

सदफला त्या घडीला तिच्याबद्दल इतका अभिमान वाटला की तिने तिला कडकडून मिठी मारली. आणि म्हणाली, "मी बघते."

बघते म्हणणं सोपं. परत येताच तिने कंपनीच्या लिंकवरून ते अ‍ॅप आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. अ‍ॅप म्हणजे खरं तर एक बांधलेलं गाठोडं असतं. गाठोडं सोडलं की आत चित्रं, आवाज, प्रोग्राम आणि काही सेटिंगच्या फाईली निघतात. त्यातली एक फाईल म्हणजे त्या अ‍ॅपचं प्रतिज्ञापत्रच. मी फोनमध्ये काय काय करणार, मेसेज पाठवणार का, कोणत्या प्रसंगी आपण होऊन जागं होणार, हे सगळं अ‍ॅपला त्या फाईलीत आधीच लिहून द्यावं लागतं. पण गाठोडं बांधताना ती फाईल यंत्राच्या भाषेत दाबून भरलेली असते. तशीच उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. ती उलगडून माणसाला वाचता येईल अशी करायची हत्यारं वेगळी असतात, आणि पुण्याला सदफने वर्षभर हेच केलं होतं.

तिने फाईल उलगडली. ओळ न् ओळ वाचली. दुसरी, तिसरी, सगळ्या सेटिंगच्या फाईली वाचल्या. काही नव्हतं. अ‍ॅप शहाण्या मुलासारखं होतं, बटण दाबल्याशिवाय जागचं हलत नव्हतं.

मग सदफच्या मनात आलं, दाबलं असेल का हिने? चुकून? आणि आता भीतीने नाही म्हणत असेल? मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिकडे मिठी मारून आली होती, आणि इकडे एका फाईलीने तिला फिरवलं होतं. नानांच्या घरच्यांना ती नावं ठेवत होती, तिच्यात आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला?

अब्बा समोर बसून चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "काय झालं बेटा?"

"अब्बा, उघडून बघितलं. आत काही नाही."

"कुणाचं उघडलंस?"

"म्हणजे?"

"गिऱ्हाईकाचं घड्याळ बिघडलं तर मी त्याचं घड्याळ उघडतो. दुकानातलं नवं घड्याळ उघडून काय समजणार?"

सदफने कपाळावर हात मारून घेतला. तिने कंपनीचं आजचं अ‍ॅप उघडलं होतं. नानांच्या फोनमध्ये होतं ते गेल्या वर्षीचं. तिने कंपनीच्या पानावर पाहिलं तर नवीन आवृत्ती निघाली होती नानांची बोटं गेल्यानंतर. आणि खाली एकच ओळ: किरकोळ सुधारणा. किरकोळ! सदफचं डोकं जे फिरलं, ते पुढचे कित्येक दिवस जागेवर आलं नाही. पण आता तिला एक धास्ती वाटू लागली. कोणी त्या जुन्या फोनवर नवं अ‍ॅप टाकलं, की जुनं पुसलं जाणार. मग दीपमालाच्या बाजूने बोलायला जगात काहीच उरणार नव्हतं.

सकाळी उन्हं चढायच्या आत तिची स्कूटी नानांच्या दारात उभी होती. ओट्यावर ताईबाई, दीपमालाची सासू, भाजी निवडत बसल्या होत्या. कशाला आली ते ऐकून त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"तू तिची मैत्रीण. तू तिच्याच बाजूनं बोलशील."

"काकू, मी बोलायला नाही आले. मला फक्त तो फोन पाहायचाय."

"तो फोन नाही भेटत. कंपनीवाला पन मांगत होता, गावभर नवीन टाकलं तसं याच्यात पन टाकून देतो म्हने. त्याले पन नाही दिला."

सदफने घाईने विचारलं, "का नाही दिला?"

आतून खोकल्याचा आवाज आला आणि नाना बाहेर आले. उंच, काटक माणूस, उजवा हात पंच्यात गुंडाळलेला. गावात त्यांचा दरारा होता, पण बोटं गेल्यापासून ते फारसं बोलत नसत. ते म्हणाले, "अपशकुनी हाये म्हनून तिनं बंद करून गव्हाच्या कोठीत घातला. मी म्हटलं, विकून टाक. तं म्हने, दुसऱ्याच्या घरी कशाले धाडायची पीडा."

सदफला हसू आवरेना. सगळ्या तालुक्यात ते जुनं अ‍ॅप जसंच्या तसं कुठे शिल्लक असेल तर ते ताईबाईंच्या कोठीत, क्विंटलभर गव्हाच्या खाली. श्रद्धा म्हणा की अंधश्रद्धा, कंपनीच्या हातून तो फोन त्या बाईनेच वाचवला होता.

"नाना," सदफ म्हणाली, "तुमची बोटं गेली. कशानं गेली ते तुम्हाला नक्की माहीत व्हावं, असं नाही वाटत?"

नानांनी गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "काढ फोन."

ताईबाईंनी कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेला फोन काढला. प्रेमराज शेतातून आला होता, तोही दारात थबकला. त्याने उत्साहाने फोन घेतला आणि चालू करायला बटणावर अंगठा ठेवला.

"थांब!" सदफ एवढ्या जोरात ओरडली की ओट्याखालची कोंबडी उडाली. "मळ्यात मोटरीजवळ कोणी आहे का?"

"मळ्यावरचा गडी उखर्डूकाका हाये. पाईप पाहू राह्यला."

"मग आधी याचं सिम काढू दे."

तिने सिम काढून हातरुमालात बांधलं, मगच फोन चार्जरला लावून चालू केला. वायर जोडून त्यातलं जुनं अ‍ॅप आपल्या लॅपटॉपवर ओढून घेतलं. गाठोडं सोडलं. ती दाबलेली फाईल उलगडली. ओट्यावर तिघं जण तिच्या पाठीमागे उभे. कोणाला काही कळत नव्हतं.

आणि तिथे ती ओळ होती. फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की मला उठवा, असं अ‍ॅपने फोनला लिहून दिलं होतं. उठून काय करणार, ते दुसऱ्या सेटिंगच्या फाईलीत होतं: शेवटचा हुकूम पुन्हा पाठवा. त्याच्यापुढे उत्तर: होय.

सदफने ते मराठीत सांगितलं. "फोनची बॅटरी उतरली, दीपमालाने चार्जिंगला लावून चालू केला. अ‍ॅप जागं झालं आणि शेवटचा हुकूम त्याने पुन्हा पेटीला पाठवला. तिने बटण दाबलं नव्हतं. ती खरं बोलत होती."

"शेवटचा हुकूम बंदचा असंल ना पन," ताईबाई म्हणाल्या. "मोटर तं बंदच होती."

प्रश्न रास्त होता. सदफने प्रेमराजकडे पाहिलं. "त्या दिवशी मोटर बंद कोणी केली होती?"

प्रेमराजने मान खाली घातली. "मी. मळ्यातून ट्रककडे जाता जाता पेटीवरचं लाल बटन हातानं दाबलं. बठ्ठे तसंच करतात. पेटीसमोर उभं राहून कोनी फोन कुठी लावतो?"

झालं. सकाळी फोनवरून चालू केली, दुपारी हाताने बंद केली. अ‍ॅपला ते बंद करणं ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी शेवटचा हुकूम 'चालू' हाच. गावातला प्रत्येक शेतकरी रोज हेच करत होता.

ताईबाईंचं तरी समाधान झालं नाही. "इंग्रजीत काय बी लिहेल असतं," त्या पुटपुटल्या. सदफ चिडली नाही. उलट तिला ते पटलं. नुसत्या वाचण्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

सगळे मळ्यात गेले. उखर्डूकाकांना विहिरीपासून लांब, केळीच्या बांधावर बसवलं. फोन चालूच होता; सदफने त्यात सिम घातलं, अ‍ॅपमधून मोटर सुरू केली. पाणी पडायला लागलं. प्रेमराजने पेटीवरचं लाल बटण हाताने दाबलं. पाणी थांबलं. मग सदफने फोन बंद केला, पुन्हा चालू केला आणि तो ताईबाईंच्या ओंजळीत ठेवला.

"काकू, कशालाही हात लावू नका. नुसता धरा."

पडद्यावर कंपनीचं चित्र आलं, गेलं. ताईबाई हात लांब करून उभ्या होत्या, निखारा धरल्यासारख्या. आणि विहिरीत मोटर घरघरली, पाईपातून पाण्याचा लोट धो धो हौदात पडला. ताईबाई किंचाळल्या, "मी नाही दाबलं! देवाशपथ मी नाही दाबलं!"

त्यांचे शब्द त्यांनाच ऐकू आले आणि त्या मटकन बांधावर बसल्या. प्रेमराजने जाऊन मोटर बंद केली आणि या वेळी फ्यूजही उपसून काढला.

नाना विहिरीच्या काठावर उभे होते. कोणाला काही न सांगता ते घराकडे चालू लागले.

सदफ मात्र तिथेच उभी राहून कंपनीच्या माणसाला फोन लावत होती. तो म्हणाला, "मॅडम, जुन्यात थोडा प्रॉब्लेम होता. नवीन टाकून देतो ना, संपलं."

"संपलं नाही," सदफ म्हणाली. "तुमच्या किती गिऱ्हाइकांना सांगितलंत की मोटरीला हात लावायच्या आधी फ्यूज काढा म्हणून? आज संध्याकाळच्या आत प्रत्येकाला मेसेज गेला पाहिजे. मराठीत. नाही तर ती फाईल घेऊन मी गावोगाव फिरणार आहे, आणि माझा आवाज मोठा आहे."

मेसेज गेला. संध्याकाळच्या आत नाही, दुसऱ्या दिवशी गेला. तोवर सदफने त्याला इतक्यांदा फोन केले की शेवटी तो मराठी शब्दही तिलाच विचारू लागला.

पण खरी गोष्ट अजून राहिलीच होती. सदफ नानांच्या घरी परत आली तेव्हा नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले होते. प्रेमराज म्हणाला, "नाना, मी जातो तिले आनाले. तुम्ही या हातानं कशाले?"

"तू नंतर जाय, तुह्या वाटची माफी मांगाले," नाना म्हणाले. "बोल मी लावला होता. मी जातो." मग सदफकडे वळून म्हणाले, "पोरी, तू चाल संगं. मले बोलता नाही येनार नीट."

दोघं एसटीने एरंडोलला गेले. वाटेत नाना खिडकीतून बाहेर पाहत होते. सदफ, जिला बोलणं थांबवता येत नसे, तीही गप्प होती.

सुनंदाबाईंनी व्याही दारात पाहिले आणि डोक्यावरचा पदर सावरत आत धावल्या. गल्लीतल्या दोन-चार बाया लगेच आपापल्या दारात काहीबाही झाडायला लागल्या. दीपमालाने पाणी आणून दिलं, सासऱ्याच्या पाया पडली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. सदफने तिला सगळं सांगितलं: कोठी, फोन, फाईल, ताईबाईंच्या हातातला फोन. दीपमाला ऐकत होती, पण पाहत होती नानांच्या हाताकडे. तो हात तिने बरा होताना पाहिलाच नव्हता.

सदफला वाटलं होतं, ती आता हसेल, नाही तर रडेल. तिने दोन्ही केलं नाही.

"नाना," ती म्हणाली, "हिने ती फाईल उघडलीच नसती, तर तुम्ही आला असता का मला घ्यायला?"

सुनंदाबाई आतून घाईने म्हणाल्या, "असं नही बोलो बेटा, त्या तुले लेवाले उनात ना!" सदफलाही वाटलं, कशाला विचारलं हिने? म्हातारा माणूस एवढ्या उन्हाचा आला आहे. आता तो काहीतरी गोड बोलेल, ही मान हलवेल, आणि सगळं मिटेल. असंच मिटतं.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही, पण ते तोंडातून काढायला लागला.

"नाही," ते म्हणाले. "नसतो आलो."

नानांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"दोन वर्सं तू मह्या घरात राह्यली. कधी खोटं बोलताना पाह्यली नाही तुले. तरी मी तुह्यावर नाही, त्या पेटीवर इस्वास ठेवला. आन आता आलो तो बी यंत्रानं सांगितलं म्हनून. हे खरं हाये."

दीपमालाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला वाटलं, आलो असतो म्हणाल. तसं म्हणाला असतात तर मी आज आले नसते."

ती आत गेली. फळीवरची पिशवी काढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, "आई, नानांना आधी जेवायला वाढ. पोळी कुस्करून दे, त्यांना डाव्या हातानं तोडता येत नसेल."